तांबोपाताचे मकाव माती का खातात?

प्रश्न:
पेरूच्या आग्नेय भागातील तांबोपाता अभयारण्यात नदीकाठच्या मातीच्या कड्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या-पिवळ्या मकावांचे (लांब शेपटीच्या मोठ्या पोपटांचे) थवे सकाळी एकत्र जमून माती खातात. जंगलात फळे आणि बिया उपलब्ध असताना त्यांना मातीची गरज का भासावी? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
मकाव कच्च्या फळांतील बियाही फोडून खातात. त्यांतील विषारी द्रव्यांना चिकणमातीचे कण धरून ठेवतात, म्हणून ती शरीरात कमी शोषली जातात, असे एक स्पष्टीकरण आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोपटांना क्विनिडीन या वनस्पतिजन्य विषारी द्रव्याबरोबर माती दिली असता रक्तातील त्याचे प्रमाण खरोखरच घटले होते.

प्रतिसाद २:
वरील प्रयोग महत्त्वाचा आहे, परंतु तेवढ्याने समाधान होत नाही. विषारी बिया पोपट इतरत्रही खातात, मात्र असे कडे प्रामुख्याने पश्चिम ॲमेझॉनमध्येच आढळतात. हा प्रदेश अटलांटिकपासून फार दूर असल्याने समुद्रावरून येणारे क्षार पावसातून तेथे अत्यल्प पोहोचतात, आणि वनस्पतींमध्ये सोडियम कमी राहते. पक्षी कड्यावरील सोडियमयुक्त थर निवडतात, हे तपासणीत आढळले आहे. त्यामुळे मला मिठाचे कारण अधिक पटते.

प्रतिसाद ३:
सहमत. विणीच्या हंगामात कड्यावरील गर्दी वाढते आणि मकाव पिल्लांनाही माती भरवतात, हेही त्याच्याशी जुळते. कडा पाहायला जाणाऱ्यांनी कृपया दूर थांबावे, कारण एक पक्षी बिचकला की सारा थवा उडून जातो.