मदत हवी आहे: गरम हवेचं ब्लँकेट लावूनही भुलीखाली तापमान उतरतं

पोट उघडून होणाऱ्या, दोन-तीन तासांच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारतोय. ड्रेपिंग (निर्जंतुक कापडं पांघरणं) झालं की छाती-हातांवरचं गरम हवेचं ब्लँकेट सुरू करतो, मशीन ४३ अंशांवर. तरी पहिल्या तासातच ३६.६ चं ३५.४ होतं, मग कासवगतीने वर येतं आणि रिकव्हरीत रुग्ण कुडकुडतो. ओटी (शस्त्रक्रियेची खोली) १९ अंशांवर, सलाइन खोलीच्या तापमानाचं. फ्लुइड वॉर्मर (सलाइन-रक्त कोमट करणारं यंत्र) घेतला तर सुटेल का? आणि स्पायनलमध्ये (पाठीत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतो तेव्हा) तापमान मोजत नाही, तिथेही मोजावं का?

भूलभुलैया:
वॉर्मर नंतर बघू, आधी वेळ बदला. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि गाभ्यातलं (धड आणि डोक्याच्या आतलं) गरम रक्त थंड हातापायांकडे जातं. पहिल्या तासातली १ ते १.५ अंशांची घट मुख्यतः यामुळे होते. ती उष्णता शरीरातच असते, फक्त जागा बदलते. म्हणून ड्रेपिंगनंतर लावलेलं ब्लँकेट ही घट थांबवू शकत नाही. कातडीला दिलेली ऊब गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) आधीच हातपाय तापवून ठेवा. ३० मिनिटं मिळाली तर उत्तम, पण १० मिनिटांनीही फरक पडतो. घाम यायला लागला तर सेटिंग उतरवा. नंतर उघड्या अंगाने टेबलावर ताटकळत ठेवलं तर कमावलेलं सगळं जातं. आणि सुरुवातीलाच ३६ च्या खाली असेल तर, तातडीची केस नसल्यास, आधी गरम करा, मग भूल.

सलाइनवाला:
वॉर्मरचा हिशोब असा: खोलीच्या तापमानाचं १ लिटर सलाइन किंवा फ्रिजमधली रक्ताची १ पिशवी प्रौढाचं सरासरी तापमान साधारण ०.२५ अंशाने उतरवते. ५०० मिलीहून जास्त जाणार असेल किंवा रक्त द्यायचं असेल तर वॉर्मर हवाच. पण द्रव ३७ च्या फार वर नेता येत नाही, त्यामुळे तो रुग्णाला तापवत नाही, फक्त आणखी थंड होऊ देत नाही. ड्रिप संथ असेल तर वॉर्मरपासून शिरेपर्यंतच्या नळीतच द्रव निवतो, म्हणून तो तुकडा आखूड ठेवा. बाटली मायक्रोवेव्हमध्ये किंवा गरम पाण्यात तापवू नका, आतलं खरं तापमान कळत नाही. पोट धुवायचं सलाइन मात्र ३८ ते ४० अंशांचं मागवा. हे हमखास विसरलं जातं.

धागाकर्ता:
आभारी आहे. इंडक्शनआधी ब्लँकेट वाया घालवण्यापेक्षा मशीनचा होज (गरम हवेची नळी) नुसता चादरीखाली सोडला तर?

भूलभुलैया:
अजिबात नाही! एकाच जागी गरम झोत बसून भाजतं, आणि भुलीखालचा रुग्ण ओरडू शकत नाही. आधी लावलेलंच ब्लँकेट आत नेऊन पुढे वापरा. महाधमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) असेल तर त्याखालच्या भागावर गरम हवा नको. रक्तपुरवठा नसलेली कातडी उष्णता वाहून नेऊ शकत नाही.

ओटी रुग्ण उघडा असेपर्यंत किमान २१ ठेवा. ड्रेपिंग होऊन ब्लँकेट सुरू झालं की सर्जनना हवं तेवढं उतरवा, भांडण मिटतं. प्रेपचा (कातडी निर्जंतुक करण्याचा) द्रव पाठीखाली साचला असेल तर पुसून घ्या, ओल्या अंगाची उष्णता भराभर जाते.

प्रोबपाहणी:
नाकातून घातलेला तापमानाचा प्रोब किती आत आहे? प्रौढात नाकपुडीपासून १० ते २० सेंमी हवा. उथळ राहिला तर श्वासाच्या हवेमुळे आकडा चुकतो. काखेतल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. मोजणी भुलीआधी एकदा, मग दर ३० मिनिटांनी तरी.

स्पायनलमध्येही मोजा. ब्लॉकखालच्या (बधिर भागातल्या) रक्तवाहिन्या आवळत नाहीत, तिथले स्नायू कुडकुडत नाहीत, आणि मेंदूला तो भाग उबदारच वाटतो. त्यामुळे ३५ वर आलेला रुग्णही "थंडी नाही" म्हणतो. जाग्या रुग्णात तोंडातलं तापमान चालतं.

थंड रुग्णात व्हेक्युरोनियमचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) असर लांबतो. २ अंशांच्या घटीने जवळपास दुप्पट. ट्यूब काढण्याआधी घड्याळापेक्षा नर्व्ह स्टिम्युलेटरवर (नसेला हलका विजेचा झटका देऊन स्नायूची ताकद तपासणाऱ्या यंत्रावर) विश्वास ठेवा. कुडकुडण्यावर ब्लँकेट चालू ठेवून पेथिडीन २५ मिग्रॅ शिरेतून सावकाश, पण एमएओ इन्हिबिटर (नैराश्य वगैरेंवरच्या औषधांचा एक गट) घेणाऱ्याला नाही. कुडकुडण्याने ऑक्सिजनची गरज वाढते, तेव्हा ऑक्सिजनही सुरू ठेवा, आणि ३६ होईपर्यंत वॉर्डला पाठवू नका.