मुलांवर औषधांच्या चाचण्या व्हाव्यात का? माझं मत: नकोत

पन्हाळकरीण
माझ्या नणंदेच्या मुलीला विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा किडनीचा कर्करोग, निघाला. वय वर्षं चार. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाची उजवी बाजू घट्ट लागली, तिथून सगळं सुरू झालं. चार आठवडे केमो, मग ऑपरेशन करून किडनी काढली. आता डॉक्टर विचारतायत, पुढच्या उपचारात एका चाचणीत तिचं नाव घालायचं का. कसली चाचणी ते इथे लिहीत नाही, उगाच ओळख पटायची.

अकरा पानी फॉर्म, सगळा इंग्रजीत. संध्याकाळी पाचला हातात दिला आणि सकाळी सही हवी म्हणाले. नणंदेने मला पानांचे फोटो पाठवले आणि फोनवर एवढंच विचारलं, "वहिनी, नाही म्हटलं तर पोरीला नीट बघतील ना?"

तिथेच माझं मत ठरलं. मोठा माणूस स्वतःच्या जिवाची जोखीम घेतो, तो त्याचा प्रश्न. चार वर्षांच्या पोरीच्या जिवावर आईबापाने का घ्यावी? आणि भीतीपोटी केलेल्या सहीला संमती कशी म्हणायची? तपासून सिद्ध झालेलं औषध द्या, आमचं काही म्हणणं नाही.

फार्मसीवाला
ताई, पोरीला लवकर बरं वाटो. पण "सिद्ध झालेलं औषध" कुणावर सिद्ध झालेलं, हा प्रश्न विचारा.

माझं दुकान लहान मुलांच्या हॉस्पिटलसमोर आहे. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेली, जन्मतः हृदयाला भोक असलेली मुलं येतात. त्यांच्यासाठी सिल्डेनाफिल या दाब उतरवणाऱ्या औषधाची मोठ्यांची गोळी खलात कुटायची, वजनावर भाग पाडायचे, कागदाच्या पुड्या बांधायच्या. आई घरी ती पुडी चमच्यात पाण्यात कालवते. निम्मी पावडर चमच्याला चिकटून राहते. बाळाच्या पोटात नक्की किती गेलं ते कुणालाच कळत नाही. कित्येक औषधांचा मुलांचा डोस असाच मोठ्यांवरून अंदाजाने काढलेला असतो. हासुद्धा प्रयोगच आहे की. फक्त याची नोंद होत नाही, आणि सहीही कुणी मागत नाही.

निवांत७७
फार्मसीवाले, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून पुढचंही सांगतो. याच सिल्डेनाफिलची मुलांवर चाचणी झाली. जास्त डोसच्या गटात मृत्यू अधिक दिसले, म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांना ते देऊ नका असा इशारा दिला. २०१४ मध्ये तो थोडा सैल केला, डॉक्टरांनी फायदातोटा पाहून ठरवावं म्हणून. म्हणजे डोसची मर्यादा कळली, पण कशी कळली? कुणाची तरी मुलं त्या गटात होती. पन्हाळकरीण ताईंशी शंभर टक्के सहमत.

फार्मसीवाला
आणि चाचणी झाली नसती तर? तोच मोठा डोस माझ्या पुड्यांतून वर्षानुवर्षं गेला असता. मूल दगावलं असतं तर "हृदयच नाजूक होतं" म्हणून सोडून दिलं असतं. मोजलंच नाही तर जास्त कुठे गेले हे कळणार तरी कसं? ती मुलं गेली याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यांच्यामुळे जी वाचली त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, म्हणून ती वाचलीच नाहीत असं होत नाही.

जुनी_पेशंट
इथे सहसा वाचूनच जाते, आज लिहिते.

मी सहा वर्षांची असताना मला हाच ट्यूमर होता. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध मिळालं. वॉर्डात सगळे त्याला लाल औषध म्हणायचे. सलाईनच्या नळीतून सरबतासारखं उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल. आई घाबरायची, सिस्टर म्हणायच्या, औषधाचाच रंग आहे. मी वाचले. आज एकतीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग पंचेचाळीस टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ती पंधरा-वीस वर्षांनीही वर येऊ शकते. दोन मजले चढले की थांबावं लागतं. बाळाचा विचार करतोय म्हटल्यावर कार्डिऑलॉजिस्टनी आधी पेन खाली ठेवलं, मग बोलल्या.

पन्हाळकरीण ताई, २००१ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी एक चाचणी सुरू केली. प्रश्न असा, की दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या, मध्यम धोक्याच्या विल्म्सला लाल औषध गाळलं तर चालेल का? २६ देशांतली ५८३ मुलं. निम्म्यांना दिलं, निम्म्यांना नाही. २०१५ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेली मुलं औषध घेतलेल्यांत ९६.५ टक्के, न घेतलेल्यांत ९५.८. जवळजवळ सारखंच. म्हणून आता त्या गटातल्या बहुतेक मुलांना ते औषध टाळता येतं.

मला कुणी चाचणीत घातलं नाही. त्या वेळचे "सिद्ध झालेले" उपचारच मला मिळाले. ते चूक होते असं मी म्हणत नाही, पण कमी औषधात भागतं का हे माझ्याआधी कुणी विचारलं असतं तर मला हवं होतं.

निवांत७७
ताई, तुमच्या त्रासाबद्दल आदर ठेवून लिहितो. त्याच चाचणीतला दुसरा आकडाही बघा. दोन वर्षांनी आजार न उलटलेली मुलं औषध घेणाऱ्यांत ९२.६ टक्के होती, न घेणाऱ्यांत ८८.२. म्हणजे शंभरात चार-पाच मुलांचा आजार जास्त परतला. त्यांना पुन्हा केमो, तीही आणखी कडक. पुढे बहुतेक वाचली हे खरं. पण "तुमच्या मुलाला कमी औषध देऊन बघतो" हे त्या चार घरांना कसं सांगायचं? आणि आपल्याकडे पुन्हा मुंबई गाठायची म्हणजे रजा, भाडं, दुसऱ्या मुलाची शाळा. कित्येक जण अर्ध्यातच उपचार सोडतात. युरोपात परतलेला आजार आणि आपल्याकडे परतलेला आजार, दोन्हींचा शेवट सारखा नसतो.

जुनी_पेशंट
हा मुद्दा मला मान्य आहे. अगदी मान्य. म्हणूनच आपल्याकडच्या मुलांवरचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा. तिकडचा निकाल इथे तसाच लावला, तर ती चार घरं आपल्याला मोजताही येणार नाहीत.

वॉर्ड_नंबर_चार
मी बालकर्करोग विभागात सिस्टर आहे. चाचण्यांच्या बाजूने आहे, पण ताईंच्या घरी जे घडलं ते चुकीचंच. माहितीपत्रक समजणाऱ्या भाषेत असायला हवं. वेळ मिळायला हवा. नाही म्हटलं किंवा मधूनच बाहेर पडलं तरी उपचारात फरक पडता कामा नये, आणि हे फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याला कळेल असं सांगून त्याचंही हो-नाही विचारायचं, बारापुढच्याचं लेखी घ्यायचं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई औषध चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे. शेवटच्या पानांवर चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा नंबर असतो, तिथे फोन करा. खरंच करा, लोक करत नाहीत.

२०१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) अभ्यासात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या होत्या. त्या प्रकरणावर पुढे संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. लोकांचा विश्वास असा जातो, आणि मग आम्ही कितीही समजावलं तरी आईच्या डोळ्यांत तोच प्रश्न असतो जो तुमच्या नणंदेने विचारला.

पन्हाळकरीण
सगळं दोनदा वाचलं. जुनी_पेशंट, तुमची पोस्ट नणंदेला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती.

सहीच्या घाईबद्दल माझं मत अजून तेच आहे, आणि निवांत यांचा परतलेल्या आजाराचा मुद्दाही मला सोडवत नाही. पण सरसकट "नकोत" म्हणाले होते, ते मागे घेते. आज सकाळी भाऊजींनी सही केली नाही, मराठी कागद आणि चार दिवस मागितले. डॉक्टर रागावले नाहीत. सोमवारी मराठी प्रत देतो म्हणाले. नणंदेने वहीत प्रश्न लिहायला घेतलेत. पहिला आहे: "या औषधाने तिच्या हृदयाला काय होईल, आणि ते तुम्ही किती वर्षं बघणार?"

सिस्टर, आणखी काय विचारायचं ते सांगा.

वॉर्ड_नंबर_चार
केमो सुरू होण्याआधीचा इको झालाय का, ते आधी विचारा. आणि त्याची प्रत घरी ठेवा. प्लास्टिकच्या फाइलीत, तिच्या लग्नापर्यंत.