ग्लेशियर रंगवायला झंस्कारला जायचंय, पण जावं की नाही?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी, मी सांगलीत चित्रकला शिकवते. मागच्या पावसाळ्यात क्लासमधल्या एका पोरानं विचारलं, बाई, हिमालयातला बर्फ वितळतोय म्हणून कृष्णेला पूर येतो का? म्हटलं नाही रे बाळा, कृष्णा महाबळेश्वरात उगवते, तिचा आणि बर्फाचा काही संबंध नाही. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्याकडच्या पोरांना ग्लेशियर म्हणजे भूगोलातला दोन मार्कांचा प्रश्न, बाकी काही नाही. तर ऑगस्टमधे मी आणि एक मैत्रीण लडाखमधल्या झंस्कारला जायचं म्हणतोय. पेन्झी ला या खिंडीवरून द्रांग-द्रुंग ग्लेशियर रस्त्यावरूनच दिसतो, २३ किमीच्या आसपास लांब आहे म्हणे, तिथे रोज बसून जलरंगात चित्रं करायची आणि आल्यावर इथे प्रदर्शन.

आता घोळ असा की घरी चर्चा निघाली तर मुलगी म्हणाली, आई तू विमानानं लेहला जाणार, तिथून डिझेलच्या गाडीनं ग्लेशियरजवळ जाणार आणि मग लोकांना सांगणार ग्लेशियर वाचवा. मला खरंच उत्तर देता आलं नाही. कोणी असं काही केलंय का, आणि चित्रांनी कोणाला काही फरक पडतो का, प्रामाणिक मत हवंय.

सडेतोड:
मुलगी बरोबर बोलतेय. आजाऱ्याला बघायला अख्खं वऱ्हाड जातं तसं झालंय हे, "जातोय तोवर बघून घेऊ". लडाखला २०२२ मधे ५ लाखांवर टुरिस्ट गेले, तिथली लोकसंख्याच ३ लाखांच्या आत आहे. फोटो बघून काढा की चित्र.

गोमुखवाले काका:
सडेतोडराव, फोटोवरून काढलेलं चित्र आणि तिथे बसून काढलेलं यात फरक असतो हो, पण ते असो. मी १९९४ ला गोमुखला गेलो होतो आणि मग थेट २०१८ ला. पहिल्या वेळी एका मोठ्या खडकापाशी आम्ही चौघांनी फोटो काढला होता, मागे बर्फाची निळी भिंत आणि खालून भागीरथी बाहेर पडतेय. दुसऱ्या वेळी तो फोटो पाकिटात घालून नेला आणि खडक शोधत बसलो. खडक सापडला, निदान मला तरी तोच वाटला, पण मागे भिंत कुठाय? नुसता राखाडी दगडगोट्यांचा ढीग, भिंत पार लांब वर. गंगोत्री ग्लेशियर वर्षाला साधारण २० मीटर मागे सरकतोय हे मी वाचलेलं होतं, पण २४ वर्षांचा हिशेब पायाखाली चालून बघितला तेव्हा कळला. मी तिथे खाली बसलो. बरोबरच्या पोरांना वाटलं काकांना दम लागला.

तिथे आता दिवसाला १५० जणांनाच परमिट मिळतं. सुरुवातीला मीही कुरकुर केली होती, आता म्हणतो बरंय. ताई, तुम्ही जा, पण एकदा जाऊन येण्यात अर्थ नाही. जागा पक्की करा, खडकाची खूण ठेवा, आणि पाचसात वर्षांनी तुम्ही नाही तर तुमच्या एखाद्या विद्यार्थ्यानं तिथेच बसून तेच चित्र परत काढावं.

थेम्सकाठी:
चित्रांनी फरक पडतो का याचं उत्तर नाही माझ्याकडे, एक अनुभव सांगते. २०१८ च्या डिसेंबरमधे ओलाफुर एलियासन या कलाकारानं ग्रीनलंडच्या समुद्रात तुटून पडलेल्या बर्फाचे मोठाले ठोकळे लंडनला आणून टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासमोर ठेवले होते, २४ ठोकळे, प्रत्येक टनाच्या वर. आम्ही लेकाला घेऊन गेलो. सगळे हात लावत होते, कोणी चाटतसुद्धा होतं. लेकानं कान लावला आणि म्हणाला आई हे तडतडतंय. खरंच तडतडत होतं, फोडणीत मोहरी तडतडते तसं पण बारीक, आत हजारो वर्षं अडकलेली हवा बुडबुड्यांतून सुटत असते ना त्याचा आवाज. आठवड्यानं परत गेलो तर ठोकळे निम्मे. लेक आता १५ वर्षांचा आहे, तो आवाज त्याला अजून आठवतो.

अर्थात तेव्हाही लोक म्हणालेच, एवढा बर्फ ग्रीनलंडहून जहाजातनं आणायचा त्याचं प्रदूषण कोण मोजणार. कलाकाराच्या टीमनं ते स्वतःच मोजून जाहीर केलं होतं. ते मला पटलं. तुम्हीही प्रदर्शनात एक पाटी लावा की हे बघायला आम्ही असे गेलो, इतके किलोमीटर, इतकं डिझेल.

जुले:
मी दोन हिवाळे लडाखमधे एका गावात आइस स्तूपाच्या, म्हणजे पाणी गोठवून केलेल्या बर्फाच्या सुळक्याच्या, कामाला होतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. पहिलं म्हणजे ताई, तुम्ही फक्त ग्लेशियर रंगवणार असाल तर गोष्टीतला सोपा भाग रंगवताय. तिथल्या माणसाला ग्लेशियर "सुंदर" वगैरे नसतो, ते त्याचं धरण असतं. लडाखमधे वर्षाला जेमतेम १०० मिमी पाऊस, सगळी शेती बर्फाच्या पाण्यावर, आणि घोळ कुठे होतो तर एप्रिल-मे मधे, जव पेरायची वेळ असते आणि वरचा बर्फ अजून सुटलेला नसतो. कुठल्या शेताला कधी पाणी सोडायचं हे ठरवणारा गावचा माणूस असतो त्याला चुरपोन म्हणतात, आपल्याकडचा पाटकरी म्हणा. त्या दिवसात त्या माणसाचा चेहरा बघा.

यावर चेवांग नोर्फेल या इंजिनियर आजोबांनी १९८७ पासून ओढ्याचं पाणी सावलीत अडवून गोठवायला सुरुवात केली, त्यांना पद्मश्री मिळाली २०१५ मधे. मग सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात पाणी उभं गोठवायचं काढलं. वरच्या ओढ्यातनं पाईप आणायचा, पंप नाही काही नाही, उतारावरच्या दाबानं पाणी कारंज्यासारखं उडतं, रात्री उणे २० मधे पडता पडता गोठतं आणि सुळका वाढत जातो. सुळकाच का, तर तेवढ्याच बर्फाला ऊन कमी लागतं, म्हणून सपाट बर्फापेक्षा उशिरा वितळतो, नेमका पेरणीच्या वेळेला. आणि आकार स्तूपाचा, त्यामुळे लोक वर पताका लावतात, आपलं मानतात. कलेचा उपयोग काय विचारताय ना, हा बघा, आकारामुळे गाव कामाला येतं.

बाकी दिसतं तेवढं सोपं नाही हां. रात्री दोनला उठून पाईपला कान लावून ऐकायचं आत पाणी चालू आहे का, कारण थांबलं की आतच गोठतं आणि मग अख्खा पाईप सुटा करून चुलीवर तापवत बसा. आणि यानं ग्लेशियर परत येत नाही, वरून येणारं पाणीच आटलं तर स्तूप कशाचा करणार. झंस्कारमधेच कुमिक नावाचं जुनं गाव आहे, वरचा ओढा आटत गेला म्हणून बरीच घरं खाली माळावर हलली. तिथे जाऊन बसा दोन दिवस, ते काढा.

जायचं असेल तर लेहला विमानानं उतरूच नका, तसंही ३५०० मीटरवर एकदम उतरून डोकं धरून दोन दिवस झोपावं लागतं. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं जम्मू, कटऱ्याहून आता श्रीनगरपर्यंत रेल्वे झालीये, पुढे झोजी ला खिंड ओलांडून कारगिल आणि मग सुरू खोऱ्यातनं वर. शेअर जीप घ्या. हॉटेल नको, गावातल्या घरी रहा, त्यांचे कोरडे संडास असतात, पाणी लागत नाही आणि त्याचं खत शेतात जातं. सुरुवातीला नाक मुरडाल, मग कळेल किती शहाणपणाचं आहे.

आल्प्सची मावशी:
जुले यांना पूर्ण अनुमोदन. मी स्वित्झर्लंडमधे २० वर्षं राहतेय, आपल्याकडच्या टूरवाल्या बसा येतात, दहा मिनिटं बर्फाचे गोळे मारतात, वडापाव खातात, चालले. त्यांना नावं ठेवत नाही, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पण २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत इथल्या ग्लेशियरचा १० टक्के बर्फ गेला. पाहुणे आले की मी आता त्यांना मोर्टेराच नावाच्या ग्लेशियरकडे नेते. स्टेशनवर उतरायचं आणि चालायला लागायचं, वाटेत साध्या पाट्या आहेत, त्यावर फक्त साल, म्हणजे त्या साली बर्फ इथपर्यंत होता. चालतोय चालतोय, पाट्या येतायत, बर्फ येतच नाही. शेवटी माझ्या सासूबाई म्हणाल्या, अगं मेल्या पाट्याच बघायला आणलंस का? मी म्हटलं हो. याहून भारी चित्र मी म्युझियममधे बघितलं नाही.

सडेतोड:
बरं, रेल्वेनं जाणार असाल तर माझा विरोध मागे. वऱ्हाड मात्र नेऊ नका.

रंगपेटी:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. विमान रद्द, रेल्वेनंच जाणार. चार दिवस कुमिक आणि तीन दिवस पेन्झी ला, म्हणजे उलटंच झालं सगळं.

काकांच्या खडकावरनं एक सुचलं, ते सांगते. जलरंगात बर्फाला पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. म्हणजे तेच चित्र पाच वर्षांनी काढायचं तर तेवढा कोरा कागद कमी ठेवायचा आणि राखाडी जास्त लावायचा. कालपासून तेच डोक्यात आहे. पहिल्या कागदाशेजारी रिकाम्या चौकटी टांगून ठेवणार, खाली सालं लिहून.

आता दोन व्यवहाराचे प्रश्न. ब्रश धुतलेलं पाणी ओढ्यात ओतायचं नाही हे कळतं, कोबाल्ट कॅडमियम असतं रंगात, पण आठवडाभराचं पाणी भरून परत आणायचं कसं? आणि २२ बाय ३० इंचाचा बोर्ड झेलमच्या स्लीपरमधे मावतो का?

जुले:
पाण्याचं सोपं आहे, तिथली हवा इतकी कोरडी की पसरट थाळीत ओतून उन्हात ठेवा, संध्याकाळपर्यंत तळाला नुसता रंग उरतो, तो फडक्यानं पुसून घ्या आणि फडकं सांगलीला. पण त्याच हवेमुळे तुमचा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, पसरायच्या आधीच वाळणार, घरी पंख्याखाली सराव करून या.

गोमुखवाले काका:
बोर्ड वरच्या बर्थला भिंतीकडे उभा लावा. आणि रात्री त्याला टेकून झोपू नका, मी एकदा कॅरमबोर्ड नेला होता.