खासबागेचे मैदान: केवळ कुस्तीचा आखाडा की बहुउद्देशीय क्रीडांगण?

टिळकवाडीकर (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. सीमाभागातील तालुक्यांच्या गावी बहुउद्देशीय क्रीडागृहे व्हावीत, या मागणीचे एक सविस्तर निवेदन आम्ही बेळगावातील काही क्रीडाप्रेमी तयार करीत आहोत आणि त्याचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आमच्या बैठकांत कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचा दाखला वारंवार दिला जातो. (आपल्या शहरातही खासबाग नावाचा भाग आहे, मी येथे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू खासबाग मैदानाविषयीच विचारीत आहे.) तेथे कोठेही बसले तरी कुस्ती स्वच्छ दिसते, असे जाणकार सांगतात आणि मी स्वतः जंगी मैदानाच्या वेळी वरच्या अंगाला बसून त्याचा अनुभव घेतला आहे. तथापि निवेदनात केवळ कौतुक लिहून भागणार नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे मैदान रोमच्या कलोसियमवरून बांधले असे म्हणतात, त्यात रचनेच्या दृष्टीने कितपत तथ्य आहे? ते केवळ कुस्तीसाठी होते, की इतर उपयोगांचाही विचार त्यात होता? आणि आज चिकोडी, निपाणी किंवा खानापूर येथे क्रीडागृह बांधायचे झाल्यास त्यातून नेमके काय घ्यावे?

दूधगंगाकाठ

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इतिहास पाहिला की त्याचे उत्तर आपोआप मिळते.

शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले आणि त्या प्रवासात त्यांनी रोमचे ते प्राचीन क्रीडागार पाहिले. याच प्रवासाच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध आदेश निघाला. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो, कारण मैदान बांधणारा राजा कोणत्या विचाराचा होता हे कळल्याशिवाय हजारो सामान्य माणसांना जमिनीवर बसून पाहता येईल असे मैदान त्याने का बांधले, हे कळत नाही. बांधकाम १९०७ च्या सुमारास सुरू होऊन १९१२ मध्ये पूर्ण झाले. महाराज स्वतः कसलेले मल्ल होते. गावातल्या तालमींना त्यांचा आश्रय होता आणि पंजाबकडील नामवंत पैलवानही त्यांच्या पदरी होते. एवढ्या कुस्त्या ज्या नगरीत होत, तेथे त्या पाहायला येणाऱ्या लोकांची सोय ही त्या काळची खरी गरज होती.

मात्र ही गोष्ट येथे संपत नाही. मैदानाला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभे राहिले, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांनी आपली ललितकलादर्श नाटक मंडळी १९०८ मध्ये हुबळीत स्थापन केली होती, हे आपल्या कर्नाटकातील मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. नाट्यगृहाच्या पाठीमागे, खासबागेच्या बाजूला, खुले व्यासपीठ होते. म्हणजे एका आवारात कुस्तीचा मातीचा हौदा, मोकळ्या आकाशाखालचे व्यासपीठ आणि बंदिस्त नाट्यगृह अशा तीन जागा सिद्ध झाल्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्या आगीत खासबागेकडील व्यासपीठाचीही हानी झाली. कोल्हापूरकरांइतकेच निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातील लोकही त्या दिवशी हळहळले, कारण आमच्या वडीलधाऱ्यांनी नाटके पाहिली ती तेथेच.

माझे मत असे की, खासबाग हे एकच मैदान सर्व कामांना वापरण्याचे उदाहरण नाही. प्रत्येक कलेला तिची पूर्ण जागा द्यायची आणि त्या जागा एकमेकींच्या शेजारी ठेवायच्या, असा तो विचार होता. फुटबॉलसाठी कोल्हापुरात पुढे वेगळे शाहू स्टेडियम झाले. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा अशा तालमींची नावे धारण करणारे संघ तेथे फुटबॉल खेळतात. खेळ बदलला तशी त्याला स्वतंत्र जागा मिळाली. खासबागेचा हौदा बुजवून तेथे गोलपोस्ट उभे केले गेले नाहीत.

मलप्रभाकाठ

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो आणि खानापूरचा रहिवासी आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

कलोसियमवरून प्रेरणा घेतली हे मान्य. पण रचना मात्र बरीच वेगळी आहे. कलोसियम लंबवर्तुळाकार असून त्याची लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर आणि उंची ४८ मीटरांच्या आसपास आहे. सम्राट व्हेस्पॅसियनच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि इ. स. ८० मध्ये टायटसने त्याचे उद्घाटन केले. सपाट जागेवर दगड, विटा आणि काँक्रीटच्या कमानींचे मजले चढवून त्यावर प्रेक्षकांच्या पायऱ्या बसवलेल्या आहेत. म्हणजे पन्नास हजार माणसांचा भार कमानी पेलतात. खासबागेत हा भार जमीनच पेलते. मध्यभागी लाल मातीचा हौदा, त्याभोवती मोकळी जागा आणि तेथून चहूबाजूंना चढत जाणारा उतार, अशी तिची मांडणी आहे. या दृष्टीने तिचे जवळचे नाते पाँपेईच्या क्रीडागाराशी सांगता येईल, कारण तेथे रिंगण जमिनीच्या पातळीखाली खोदून निघालेली माती भोवती रचून प्रेक्षकांचा उतार तयार केला होता, आणि ते बांधकाम कलोसियमच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीचे आहे.

दृश्य स्वच्छ का दिसते, हे आता पाहू. कुस्तीचा निर्णय जमिनीवर होतो. चीतपट झाली की नाही हे ठरवताना खांदे मातीला टेकले का, हेच पाहायचे असते. म्हणून प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून थेट मातीपर्यंत पोहोचली पाहिजे. फुटबॉलमध्ये चेंडू आणि खेळाडूचा वरचा भाग दिसला तरी खेळ समजतो, कुस्तीत तसे चालत नाही. सपाट मैदानात चौथ्या-पाचव्या रांगेनंतर हे अशक्य होते. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा इतकी उंच हवी की, मागच्याच्या नजरेची रेषा पुढच्याच्या डोळ्यांपेक्षा सुमारे १२ सेंटीमीटर वरून जावी. आणि जसजसे मागे जावे तसतसा हा चढ वाढवत न्यावा लागतो. शिवाय डोक्यावर छप्पर नसल्यामुळे मध्ये खांब नाहीत.

दुसरी गोष्ट अंतराची. या मैदानावर तीस हजारांहून अधिक लोक कुस्त्या पाहतात असे सांगितले जाते. कागदावर हिशेब करून पाहा: मांडी घालून दाटीने बसलेली तीन माणसे एका चौरस मीटरात मावतात असे धरले, तर तीस हजारांना दहा हजार चौरस मीटर जागा लागेल, मध्ये वीस मीटर त्रिज्येचे रिंगण मोकळे सोडले तरी शेवटचा प्रेक्षक केंद्रापासून साधारण साठ मीटरांवर बसेल. तेवढ्या अंतरावरून डाव ओळखता येतो. याच लोकांना खुर्च्या आणि नियमाप्रमाणे वाटा दिल्या, तर शेवटची रांग पाऊणशे मीटरांच्या पलीकडे जाईल. खुर्च्या नकोत असे मी म्हणत नाही. वृद्धांना आणि अपंग व्यक्तींना त्या हव्यातच, आणि उताराच्या मैदानात चाकाच्या खुर्चीसाठी खालच्या पातळीवर स्वतंत्र जागा राखली पाहिजे, जी आपल्याकडच्या नव्या बांधकामांतही अनेकदा विसरली जाते. पण प्रेक्षकसंख्या आणि दृश्य यांचा संबंध निवेदनात स्पष्ट यावा.

बाहेर पडण्याच्या वाटांबाबत मात्र कलोसियमकडूनच शिकावे. त्याच्या तळमजल्यावर ८० कमानी होत्या, त्यांपैकी ७६ सामान्य प्रेक्षकांच्या, आणि त्यांवर क्रमांक कोरलेले होते. पुरेशा आणि क्रमांक दिलेल्या वाटा असाव्यात, हा आजही गर्दीच्या सुरक्षिततेचा महत्त्वाचा नियम आहे.

तालमीतला

दोघांनीही फार चांगले लिहिले आहे. मी चिकोडी तालुक्यातील असून लहानपणापासून तालमीत वाढलो, त्यामुळे हौद्याबद्दल लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

सीमाभागाचे खासबागेशी नाते केवळ प्रेक्षकाचे नाही. १९५९ मध्ये पहिला हिंदकेसरी किताब मिळवणारे श्रीपती खंचनाळे हे आमच्या चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. त्यांनी कोल्हापुरात राहून मेहनत केली. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. ज्यांचे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक ठरले, ते खाशाबा जाधवही कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. आमच्याकडच्या यात्रांतील मैदानांत नाव झालेल्या पोराला वस्ताद आजही सांगतात की, खासबागेत जोड लागली पाहिजे. त्यामागे एवढा इतिहास आहे.

आता मातीविषयी. हौद्यातील माती ही शेतातून आणून टाकलेली माती नसते. चाळलेल्या लाल मातीत ताक, लिंबू, हळद, तेल असे पदार्थ मिसळून ती मळावी लागते, रोज खोऱ्याने उकरून वरखाली करावी लागते आणि तिच्यातील ओल राखावी लागते. चार महिने ती पडून राहिली तर दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यावर पडणाऱ्या पैलवानाचे हाड मोडू शकते. म्हणून ज्या क्रीडागृहात कुस्तीसाठी जागा ठेवली आहे असे नकाशात दाखवतात, तेथे ती माती रोज कोण उकरणार, हे आधी ठरले पाहिजे. माणसाची नेमणूक नसेल तर हौदा बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच वेळी मॅट नाकारणेही आता परवडणारे नाही. आंतरराष्ट्रीय कुस्ती १२ मीटर चौरस मॅटवरील ९ मीटर व्यासाच्या वर्तुळात होते आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्त्रियांच्या कुस्तीलाही तेथे स्थान आहे. आपल्या भागातील मुली कुस्तीकडे वळू लागल्या आहेत; त्यांना मॅट, स्वतंत्र कपडे बदलण्याची खोली आणि संध्याकाळी घरी परतण्याची सोय हवी.

कर्नाटकातीलच दाखला हवा असेल तर म्हैसूरचा द्यावा. दसऱ्याच्या कुस्त्या तेथे देवराज अर्स बहुउद्देशीय क्रीडांगणावर भरतात. सरकारी कार्यालयात कोल्हापूरपेक्षा म्हैसूरचे नाव अधिक लवकर पटेल, आणि कुस्ती ही कन्नड व मराठी या दोन्ही भाषिकांची असल्यामुळे दोन्ही नावे एकत्र देण्यात काहीच गैर नाही.

टिळकवाडीकर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. म्हैसूरचा दाखला मसुद्यात घेतला आहे. एक अडचण उरते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो आणि त्या काळात उघड्यावर काहीच होत नाही, म्हणून सर्वांचा आग्रह बंदिस्त इमारतीचा आहे. दूधगंगाकाठ यांनी सांगितलेला वेगवेगळ्या जागांचा विचार मला पटतो, परंतु तालुक्याच्या गावाला तीन इमारतींचा निधी मिळणार नाही. मग एकाच छपराखाली काय काय बसवता येईल आणि हौदा आत घ्यावा काय?

मलप्रभाकाठ

हौदा आत घेऊ नये. दालनातील लाकडी फरशीवरचे खेळ आणि ओली माती यांचे जमत नाही. मातीची धूळ फरशीवर बसून पाय घसरतात आणि ओलीने लाकूड फुगते.

दालनासाठी हँडबॉलच्या मैदानाचे माप धरावे, म्हणजे ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, व त्याभोवती मोकळी पट्टी. त्यात २८ बाय १५ मीटरचे बास्केटबॉल, १८ बाय ९ मीटरचे व्हॉलीबॉल, १३ बाय १० मीटरचे कबड्डी आणि बॅडमिंटनची काही मैदाने वेगवेगळ्या रंगांच्या रेषांनी आखता येतात, आणि स्पर्धेच्या दिवशी कुस्तीचे मॅटही अंथरता येतात. उंचीत काटकसर करू नये. व्हॉलीबॉलला किमान ७ मीटर मोकळी उंची लागते आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांना १२ मीटरांहून अधिक. छप्पर एकदा खाली बांधले की ते नंतर वर नेता येत नाही. छपराचा भार बाजूच्या खांबांवर घ्यावा, दालनात एकही खांब नको. प्रेक्षकांची बाके एका लांब बाजूला घडी करून भिंतीशी सरकवता येतील अशी असावीत, म्हणजे एरवी सरावाला पूर्ण जागा मिळते.

हौदा या इमारतीच्या बाहेर, तिच्या आडोशाला, पत्र्याच्या उंच मांडवाखाली घ्यावा. भोवती पाणी निचरण्यासाठी चर, तळाशी मुरूम, आणि जागा असेल तर दोन बाजूंना मातीचाच उतार. या भागाचा खर्च इमारतीच्या तुलनेत अगदी थोडा येतो, त्यामुळे निवेदनात तो स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा. एकत्र दाखवल्यास निधी कमी पडताच सर्वप्रथम तोच वगळला जाईल.

तालमीतला

मांडवाची उंची ठरवताना एक लक्षात असू द्यावे की, जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर उचलून घेतात आणि त्याच्या हातात गदा असते. शिवाय मांडव तिन्ही बाजूंनी उघडा ठेवा. बंदिस्त जागेत माती कुजल्यासारखा वास मारू लागते आणि उन्हे लागली नाहीत तर पैलवानांना त्वचेचे विकार होतात. माती उकरणाऱ्या माणसाच्या मानधनाची ओळही कृपया त्याच स्वतंत्र बाबीत लिहावी.