राज्यसभेची जागा महाराष्ट्राची, मग उमेदवार महाराष्ट्राचा का नको?

सह्याद्री_कडा

राज्यसभेची निवडणूक लागली की दरवेळी तेच होतं. अर्ज भरायचे दिवस संपत आले की वरून नावं येतात, आणि मग आपण शोधत बसतो की हे कोण, महाराष्ट्राशी यांचा संबंध काय. २०१६ ला काँग्रेसने इथून पी. चिदंबरम यांना पाठवलं, २०१८ ला भाजपने केरळचे व्ही. मुरलीधरन यांना, २०२२ ला परत काँग्रेसने उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी. म्हणजे यात एक पक्ष शहाणा आणि दुसरा वाईट असं काही नाही, सगळ्यांना ही सोय आवडते.

पूर्वी असं नव्हतं. ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं त्या राज्याच्या मतदारयादीत नाव पाहिजे असा नियम होता. २००३ ला लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला आणि देशात कुठेही मतदार असलात तरी चालेल असं केलं. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, पण २००६ ला घटनापीठाने बदल वैध ठरवला. कोर्टाचा निकाल मान्य. पण वैध आहे म्हणजे योग्य आहे असं होत नाही, संसद उद्या अट परत आणू शकते आणि माझ्या मते आणलीच पाहिजे, किमान पाच वर्षं त्या राज्याच्या यादीत नाव हवं.

कारण या सभागृहाच्या हातात राज्यांचे अधिकार आहेत हो. घटनेचं कलम २४९ बघा, राज्यसभेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केला की राज्यांच्या यादीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते. अशा ठरावावर महाराष्ट्राच्या १९ जागांवरून मत देणारा माणूस इथला नको का?

कोर्टाची_पायरी

भावना समजते पण अट होती तेव्हा काय होत होतं तेही लिहा ना. मनमोहन सिंग १९९१ पासून २०१९ पर्यंत आसाममधून राज्यसभेवर होते. गुवाहाटीचा पत्ता, तिथल्या यादीत नाव, कागद एकदम बरोबर. ते आसामचे होते का? अट असली की पक्ष पत्ता शोधतो, एवढंच. तुमची पाच वर्षांची अट आणली तर पाच वर्षं आधी पत्ता शोधतील, मोठ्या पक्षाला त्यात काय अवघड आहे.

आणि बाहेरचा माणूस म्हणजे राज्याचं नुकसान हे गणित मला मुळातच पटत नाही. १९४६ ला डॉ. आंबेडकरांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाता आलं नाही, ते बंगालमधून निवडून गेले. तिथल्या विधिमंडळाच्या सदस्यांनी मतं दिली म्हणून गेले. त्या वेळी 'आमच्या प्रांताचा नाही' म्हणून दार लावलं असतं तर?

सह्याद्री_कडा

आंबेडकरांचं उदाहरण इथे लागू होत नाही. बंगालमधल्या सदस्यांनी त्यांना मुद्दाम, हा माणूस सभेत पाहिजेच म्हणून निवडलं, तिथले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल त्यासाठी झटले. आज इथल्या आमदाराला कोणी विचारतं का की तुला कोण पाहिजे? त्याला नाव सांगितलं जातं. आणि फाळणीनंतर १९४७ ला बाबासाहेब मुंबईतूनच परत निवडून गेले, पुढे १९५२ ला लोकसभेला पडल्यावर राज्यसभेवरही मुंबई राज्यातूनच गेले.

करवीरकर

इथला-बाहेरचा करत बसलात पण २०२२ ची सहावी जागा विसरलात वाटतं. दोन्ही उमेदवार आमच्या कोल्हापूरचे! भाजपचे धनंजय महाडिक, शिवसेनेचे संजय पवार. मग कोल्हापूरच्या प्रश्नावर एक तरी शब्द निघाला का त्या आठवड्यात? महापुराचं काय, पंचगंगेच्या प्रदूषणाचं काय, कोण बोललं? सगळी चर्चा कुठला आमदार कुठल्या हॉटेलात आहे याची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी ती मोजणी सांगतो कारण खरी गोष्ट तिथे आहे. ६ जागा, ७ उमेदवार. एक आमदार वारलेले, नवाब मलिक आणि अनिल देशमुख तुरुंगात, त्यांना मतदानाला सोडलं नाही, म्हणून २८५ मतं पडली. त्यातलं शिवसेनेच्या सुहास कांदेंचं मत निवडणूक आयोगाने बाद केलं, मतपत्रिका दाखवताना नियम मोडला म्हणून. या भानगडीत मोजणी मध्यरात्रीनंतर सुरू झाली. उरली २८४. प्रत्येक मताची किंमत १०० धरतात, म्हणजे २८,४०० भागिले ७ (जागांपेक्षा एक जास्त), आणि उत्तरात १ मिळवायचा, निवडून यायला लागणारा कोटा आला ४,०५८. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३ आणि महाडिकांना २७. तरी निवडून आले महाडिक! कारण भाजपने पीयूष गोयल आणि अनिल बोंडे दोघांना ४८-४८ मतं दिली होती, कोट्याच्या वर जे उरलं ते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे सरकलं.

डोकं चालवलं त्यांनी, नियमात राहून चालवलं. पण यात कोल्हापूरचा माणूस कुठे आला? उमेदवार इथलाच होता आणि तरी ती सगळी निवडणूक आमदारांची मोजदाद होऊन बसली. तुमची अट लावून हे बदलणार नाही.

वऱ्हाडातून

करवीरकर, थोडं तरी बदलतं. आमच्याकडून बघा. लोकसभेला कोणीतरी दारात येतो, राज्यसभेचा खासदार कोण हेच गावात कोणाला माहीत नसतं. पण राज्यसभेच्या खासदारालाही वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो आणि ज्या राज्यातून निवडून आला तिथे कुठल्याही जिल्ह्यात तो कामं सुचवू शकतो. आता ज्याने अमरावती जिल्हा बघितलेला नाही, मेळघाट कुठे हे नकाशात बघावं लागतं, तो शाळाखोली कुठे सुचवणार? पक्षाचा माणूस जी यादी पुढे करेल तिच्यावर सही. इथला असला तर निदान लोक त्याला गाठून विचारू तरी शकतात. मला तेवढं पण पुरे आहे.

आकडेमोड

मूळ दुखणं पत्त्याचं नाहीच, मतदान उघडं केलं ते आहे. त्याच २००३ च्या दुरुस्तीत दोन गोष्टी झाल्या, लोक पहिलीच लक्षात ठेवतात. दुसरी ही की पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत एजंटला दाखवायची, नाही दाखवली तर मत बाद. अपक्षाने मात्र कोणालाच दाखवायची नाही. म्हणजे आमदार मत देतो म्हणायचं आणि वर एक माणूस उभा ठेवायचा. मग उमेदवार गडचिरोलीचा असो नाहीतर गुवाहाटीचा, आमदाराला निवड आहेच कुठे? आधी गुप्त मतदान परत आणा, उमेदवाराला आमदारांकडे जाऊन स्वतःबद्दल सांगावं तरी लागेल.

कोर्टाची_पायरी

गुप्त मतदानात काय झालं ते महाराष्ट्राने १९९८ ला बघितलंय. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले, त्यांच्याच पक्षाची मतं फुटली. माजी केंद्रीय गृहसचिव, राज्यपाल राहिलेला माणूस. याला तुम्ही आमदारांचं स्वातंत्र्य म्हणणार का? उघडं मतदान आणलं तेच पैशाचा खेळ थांबवायला.

आकडेमोड

थांबला का मग? हिमाचल २०२४ बघा. काँग्रेसकडे ६८ पैकी ४० आमदार, जागा एकच, हरायचा प्रश्नच नव्हता. उमेदवार दिला अभिषेक मनू सिंघवी, हिमाचलबाहेरचे. ६ काँग्रेस आमदारांनी आणि ३ अपक्षांनी भाजपच्या हर्ष महाजन यांना मतं दिली, ३४-३४ झालं आणि चिठ्ठी टाकून निकाल लावला. उघडं मतदान असून! कारण राज्यसभेच्या मतदानाला पक्षांतरबंदी लागू होत नाही. पुढे ते सहाजण अपात्र झाले ते अर्थसंकल्पाच्या वेळी व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला म्हणून. म्हणजे उघड्या मतदानाने फुटणारा थांबत नाही, फक्त प्रामाणिकपणे वेगळं मत असलेला आमदार गप्प बसतो. माझा सगळा राग यावर आहे.

सह्याद्री_कडा

पण हिमाचलचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. महाजन हिमाचलचे, आधी तिथल्या काँग्रेस सरकारात मंत्री राहिलेले, आमदारांच्या ओळखीतले. फुटण्याचं कारण फक्त हेच होतं असं मी म्हणत नाही, पण बाहेरचा उमेदवार लादला की नाराजाला आयतं निमित्त मिळतं. अमेरिकेत बघा, सिनेटला उभं राहायचं तर निवडणुकीच्या वेळी त्या राज्याचा रहिवासी पाहिजे हे त्यांच्या घटनेतच आहे.

कोर्टाची_पायरी

आणि तिथे २००० साली हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कमधून निवडून आल्या, निवडणुकीच्या थोडंच आधी तिथे घर घेऊन. अट पूर्ण! फरक हा की त्यांना न्यूयॉर्कच्या लोकांसमोर जाऊन मतं मागावी लागली. १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून तिथे सिनेटर थेट लोक निवडतात. आपल्याकडे ते नाही, म्हणून नुसती अट उचलून आणून उपयोग नाही.

करवीरकर

हे मात्र बरोबर. आणि इथे तर मतदान पण दरवेळी होत नाही. २०२४ ला फेब्रुवारीत ६ जागांना ६ च अर्ज, सगळे बिनविरोध. प्रफुल्ल पटेलांची आधीची मुदत २०२८ पर्यंत होती तरी त्यांनी परत अर्ज भरला आणि मग जुनी जागा सोडली. सगळे महाराष्ट्रातलेच उमेदवार होते बरं का त्या वेळी. सह्याद्री, तुमची अट शंभर टक्के पूर्ण. त्या सहाजणांपैकी एकाला तरी कोणी विचारलं का, सहा वर्षं तिथे काय करणार?

सह्याद्री_कडा

नाही विचारलं, आणि विचारायला पाहिजे होतं. पण विचारायचं तर माणूस हाताशी तरी हवा. माझी अट आणि आकडेमोड यांचं गुप्त मतदान, दोन्ही एकत्र मागायला काय हरकत आहे? २००३ ला दोन्ही एकाच कायद्याने गेलं, तर दोन्ही परत मागू.

आकडेमोड

गुप्त मतदानासाठी माझा पाठिंबा. पत्त्याच्या अटीसाठी नाही. उद्या जलविवादातला चांगला जाणकार आमदारांना स्वतःहून निवडावासा वाटला आणि तो बेळगावात राहतो म्हणून नाही म्हणायचं, हे मला जमणार नाही.

वऱ्हाडातून

बेळगावचं उदाहरण देऊन तुम्ही अर्ध्या महाराष्ट्राला आपल्या बाजूला ओढताय, पण येणारे उमेदवार बेळगावचे नसतात ना दादा, ते दिल्लीच्या यादीतले असतात.