रॉकेल न ओतता कोळशाची शेगडी कशी पेटवायची?

गंगावेशची सून:
गेल्या रविवारी गच्चीवर शेगडीवर कोंबडी भाजली. दीड किलो, आईनं केलेली कांदा-लसूण चटणी लावून रात्रभर मुरवलेली. कोळसा धरेना म्हणून माळ्यावरच्या जुन्या बाटलीतलं रॉकेल ओतलं. सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. सगळ्या कोंबडीला रॉकेलचा वास. त्याआधी कापराच्या पाच वड्या लावून बघितल्या, पुठ्ठ्यानं वारा घालून हात दुखले. खडे वरवर लाल होतात आणि विझतात. काय करू?

करवीरकर:
शेणीचा तुकडा आणि नारळाची शेंडी खाली ठेवा, वर कोळसा. आमच्याकडं आजही असंच पेटवतात. धूर मात्र लई होतो, शेजारी बोलतील.

भट्टीवाले काका:
ताई, मी ३१ वर्षं उद्यमनगरात फाउंड्रीत काढली. क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, पेटवताना आम्ही तळात लाकडं रचायचो, वर कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा. आग खालून वर चढते. तुम्ही कापूर वर लावलात, तो कोळशाला धग लागायच्या आतच जळून गेला.

गोड्या तेलाचा ५ लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. झाकण, तळ दोन्ही कापा. तळापासून चार बोटांवर आरपार सळ्या, त्यावर जाळी. जाळीखाली चारी बाजूंनी बोटभर भोकं. पहिल्यांदा रिकामाच तापवून बाहेरचा रंग जाळून टाका. जस्ताचा मुलामा असलेला बादलीचा पत्रा अजिबात नको. पितळ ओतताना जस्ताचा धूर छातीत गेलेला आमचा एक माणूस रात्रभर हुडहुडीनं कुडकुडत होता, मी त्याच्या उशाशी बसलोय.

जाळीखाली वर्तमानपत्राची दोन पानं, चमचाभर तेल चोळून सैल चुरगळलेली. तेलानं कागद वातीसारखा सावकाश जळतो. वर अंड्याएवढे खडे भरा, भुगा चाळून काढा, नाहीतर हवेची वाट बुजते. भोकातून काडी लावा आणि बाजूला व्हा. वारा घालायचा नाही, ढवळायचं नाही. तापलेली हवा वर जाते आणि डबा खालून गार हवा आपणच ओढून घेतो. आधी दाट पांढरा धूर येईल, मग तो निवळतो, तडतड ऐकू येते. १५-२० मिनिटांत वरच्या खड्यांवर राखेची साय धरली, की मोठ्या पकडीनं डबा उचलून शेगडीत ओता.

कोळसा पावसाळ्यातला असेल तर आदल्या दिवशी उन्हात पसरा.

रंकाळा ७९:
एक कळकळीनं सांगतो. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि निखाऱ्यावर रॉकेल तर कधीच ओतू नका, भडका हातापर्यंत येतो.

गंगावेशची सून:
काका, काल केलं. १८ मिनिटं लागली. भोकांतून आत बघितलं तर तळाचे खडे केशरी झालेले आणि वरचे अजून काळेच, मग ती लाली हळूहळू वर चढत गेली. कोंबडीला फक्त चटणीचा आणि कोळशाचा वास. पण डब्याखालची गच्चीची फरशी तडकली, टवका उडाला.

भट्टीवाले काका:
ती चूक माझी, सांगायचं राहिलं. खाली तीन विटा अंतर ठेवून मांडा आणि त्यावर डबा. फरशी वाचते आणि वाराही जास्त मिळतो.