दाता पेशी नेमकी कोणाचा संदेश ऐकते?

तासगावकर (प्रश्न)
मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करते. आमच्या बागेतल्या द्राक्षवेलींच्या बुंध्यावर गाठी पाहिल्या होत्या, म्हणून अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे प्रकरण आवडीने वाचायला घेतले आणि तिथेच अडले. हा जिवाणू रासायनिक संदेशावरून आपल्या संख्येचा अंदाज घेतो आणि दाटी झाली की टीआय प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे, गाठी करणारी जनुके असलेले डीएनएचे वर्तुळ) दुसऱ्या जिवाणूला देतो, असे त्यात आहे. पण दाटी प्लाझ्मिड असलेल्यांचीच असेल, तर ते द्यायचे कोणाला?

कृष्णाकाठ
ताई, आधी दोन हस्तांतरणे वेगळी करावीत, कारण बरेच विद्यार्थी इथेच गल्लत करतात. जिवाणूकडून वनस्पतीच्या पेशीत टी-डीएनए हा त्याच प्लाझ्मिडचा तुकडा जातो, तो जखमेतून पाझरणाऱ्या अ‍ॅसिटोसिरिंगोनसारख्या द्रव्यांच्या इशाऱ्यावर. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लाझ्मिड जाते त्याला मात्र दोन अटी आहेत. गाठीतल्या पेशी ओपाइन नावाची द्रव्ये तयार करतात; त्यांपैकी ऑक्टोपाइन मिळाले की ऑक्टोपाइन प्रकारच्या प्लाझ्मिडवरील ट्राआर हे हस्तांतरणाचे नियंत्रक जनुक सुरू होते, ही पहिली अट. पण ट्राआर प्रथिनाला आठ कार्बनांची साखळी असलेला संदेशरेणू भेटला नाही, तर पेशीतली विकरे त्या प्रथिनाचा फडशा पाडतात. शिवाय ट्राएम हे दुसरे प्रथिन त्याला अडवून धरते, त्यामुळे थोड्याशा संदेशाने काम सुरू होत नाही. संदेश बनवणारे जनुकही त्याच प्लाझ्मिडवर आहे, म्हणजे मोजदाद दात्यांचीच (प्लाझ्मिड देणाऱ्या पेशींचीच) होते. तुमची शंका रास्त आहे. माझा तर्क असा की हस्तांतरणाची यंत्रणा उभारणे पेशीला महाग पडते आणि त्यासाठी पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो. जिथे दाते दाटीने वाढले तिथे प्लाझ्मिड नसलेले शेजारीही जवळ असण्याचा संभव अधिक. (द्राक्षावरची गाठ बहुधा ‘व्हायटिस’ या जवळच्या प्रजातीची असते, हे जाता जाता.)

मिरजकर
याच्या उलट उदाहरण एन्टरोकोकस फीकॅलिस या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचे आहे. तिथे ग्राही (प्लाझ्मिड घेणारी) पेशी सात अमिनो आम्लांचे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) सोडते. ते दात्यात शिरून पीआरजीएक्स या दमनकारी (जनुके बंद ठेवणाऱ्या) प्रथिनाला चिकटते, मग दात्याच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिन येते आणि पेशींचे पुंजके होतात. ग्राही पेशींच्या वाढीचा गाळलेला द्रव दात्यांच्या द्रवात मिसळला की हे पुंजके डोळ्यांनी दिसतात. डनी, ब्राउन आणि क्लेवेल यांनी १९७८ मध्ये हेच दाखवले. याच जिवाणूच्या पीसीएफ१० या प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही आहे, म्हणून विषय केवळ पुस्तकी राहत नाही.

तासगावकर
आभारी आहे, सर. म्हणजे इथे ग्राही पेशीच दात्याला बोलावते, असे म्हणावे का?

कृष्णाकाठ
‘बोलावते’ हा शब्द जपून वापरावा. ते पेप्टाइड एका लिपोप्रथिनाच्या कापून टाकलेल्या टोकापासून बनते आणि त्याचे जनुक गुणसूत्रावर असल्याने दाताही ते बनवतो. स्वतःच्याच संदेशाने दाता चाळवू नये म्हणून प्लाझ्मिडवरून सात अमिनो आम्लांचे दुसरे, विरोधी पेप्टाइड तयार होते. दाते वाढले की हे विरोधी पेप्टाइडही वाढते आणि हस्तांतरण मंदावते. म्हणजे दात्यांची मोजदाद इथेही आहेच, फक्त अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये त्या मोजणीने दार उघडते आणि इथे मिटते. बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूमधील आयसीईबीएस१ हा (एका पेशीतून दुसरीत जाऊ शकणारा डीएनएचा) घटकही पाच अमिनो आम्लांच्या फ्रआय पेप्टाइडने असेच करतो: शेजाऱ्यांकडे तो घटक आधीच असेल, तर हस्तांतरण थांबते.